नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे : बुडालेली फी परत कशी मागावी?

प्रिय विद्यार्थी, पालक बंधू-भगिनी आणि आदरणीय विश्वस्त मंडळी,



बारावीची परीक्षा आटोपली की आपल्या इंदूरच्या भिंती बोलू लागतात. भंवरकुआँपासून पलासियापर्यंत खांबाखांबावर पाट्या लागतात. 'शासन से पंजीकृत', 'सौ प्रतिशत नौकरी', 'सीटें सीमित'. वर्तमानपत्र उघडावे तर आतून चार रंगीत पत्रके पडतात. या अंकात दरवर्षी मी निकाल आणि अभिनंदनाबद्दल लिहिते. या वेळी मात्र या पाट्यांबद्दल लिहायचे ठरवले आहे, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगते, मग विषयाकडे वळते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा भाषेत कुठे हिंदी वळण आले तर चूकभूल द्यावी घ्यावी.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका खासगी संस्थेचे दोन प्रतिनिधी शाळेत आले. बारावीच्या मुलांना 'करिअर मार्गदर्शन' करायचे आहे, पैसे लागणार नाहीत, म्हणाले. मी हॉल दिला. एवढेच नाही, तर व्यासपीठावर उभी राहून त्यांची ओळखही करून दिली. पाटीवर 'शासन से पंजीकृत' होते, माहितीपत्रकावर आय.एस.ओ.चा शिक्का होता, मला ते पुरेसे वाटले.

आपल्या एका विद्यार्थिनीने त्यांच्या पॅथॉलॉजी लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याला प्रवेश घेतला. तिची आई घरून पोळी-भाजीचे डबे देते. फी एकूण ६८,००० रुपये. पहिला हप्ता ३०,०००, दुसरा २२,०००, दोन्हींची पावती मिळाली. तिसरा हप्ता १६,००० रोख घेतला आणि "पावती नंतर घेऊन जा" असे सांगितले. दहा महिन्यांनी ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये प्रशिक्षणासाठी विचारायला गेली. तिथल्या प्रमुखांनी एकच प्रश्न केला, "तुमची संस्था कौन्सिलच्या यादीत आहे का?" यादीत नव्हती. त्या डिप्लोम्यावर तिची नोंदणी होणार नव्हती, आणि नोंदणीशिवाय तिथे तिला कोणी घेणार नव्हते.

ती शाळेत आली तेव्हा रडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, तुम्ही त्यांची ओळख करून दिली होती, म्हणून आईने दुसरीकडे विचारलंच नाही." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. पुढे तिची फी परत मिळवताना आम्ही जे शिकलो, ते सर्वांना कळावे म्हणून हा लेख.

नोंदणी आणि मान्यता यांतला फरक

सर्व फसवणूक या दोन शब्दांच्या मधल्या जागेत होते, म्हणून हे नीट समजून घ्यावे.

नोंदणी, ज्याला पाटीवर 'पंजीयन' म्हणतात, ती कोणीही करू शकतो. सोसायटी म्हणून, ट्रस्ट म्हणून, कंपनी म्हणून किंवा दुकान म्हणून सरकारकडे नाव नोंदवता येते. 'उद्यम' नोंदणी तर घरबसल्या होते. जी.एस.टी. क्रमांक म्हणजे कर भरण्यासाठीची नोंद. आय.एस.ओ. ९००१ हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, ते खासगी कंपन्या देतात. अभ्यासक्रम चांगला की वाईट, त्याला नोकरीत किंमत आहे की नाही, याच्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही. तेव्हा 'शासन से पंजीकृत' ही पाटी खोटी नसते. ती खरीच असते, आणि म्हणूनच धोक्याची असते.

मान्यता वेगळी. त्या विषयाची जी कायदेशीर परिषद किंवा मंडळ आहे, तिने त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षासाठी दिलेली परवानगी म्हणजे मान्यता. यातले तिन्ही भाग महत्त्वाचे आहेत. आय.टी.आय.ची संलग्नता एकेका ट्रेडला मिळते. एका ट्रेडची मान्यता दाखवून दुसऱ्या चार कोर्सची फी घेणाऱ्या संस्था असतात. गेल्या वर्षीची परवानगी या वर्षी चालू असेलच असेही नाही.

कोणत्या अभ्यासक्रमासाठी कोणाकडे चौकशी करावी, याची ढोबळ माहिती अशी :

• पदवी : केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात स्पष्ट आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. त्या यादीत नागपूर आणि बेळगाव जिल्ह्यातील गोकाक इथली नावेही अनेक वर्षे होती, म्हणजे हा रोग फक्त दूरच्या प्रांतांतला नाही.
• इंजिनीअरिंगचा डिप्लोमा : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे ए.आय.सी.टी.ई.
• आय.टी.आय. आणि कौशल्य प्रशिक्षण : आय.टी.आय.चा कारभार केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडे आहे. इतर कौशल्य अभ्यासक्रमांत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण आणि प्रशिक्षण परिषद मान्यता देते. ही परिषद डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित झाली आणि २०२० पासून काम करू लागली.
• नर्सिंग, फार्मसी, लॅब, एक्स-रे : यांच्यासाठी त्या-त्या क्षेत्राच्या परिषदा आहेत. आधी परिषदेची यादी बघा, मग संस्थेची इमारत.
• डी.सी.ए., पी.जी.डी.सी.ए. : आपल्या प्रांतात ही प्रमाणपत्रे बहुधा भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठाशी संलग्न केंद्रे देतात. केंद्राचे नाव विद्यापीठाच्या यादीत आहे का, ते तपासून घ्यावे.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक कामाला मान्यता लागतेच असे नाही. शिवणकाम, ब्युटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती, स्वयंपाक ही कामे चांगल्या कारागिराच्या हाताखाली शिकून हजारो घरे चालली आहेत. आमच्या लहानपणी राजवाड्याजवळ टायपिंगचे क्लास होते. तिथे खट्खट् मशीनवर बोटे बसायची, आणि परीक्षा सरकारी मंडळाची द्यायची. क्लासवाले काका डिप्लोमा द्यायचे नाहीत, नोकरीची हमी द्यायचे नाहीत, फक्त वेग वाढवून द्यायचे. ते मान्यताप्राप्त नव्हते, पण खोटेही बोलत नव्हते. मान्यता नसणे हा गुन्हा नाही. मान्यता आहे असे सांगून पैसे घेणे ही फसवणूक आहे. फी परत मागायची ती याच मुद्द्यावर, हे लक्षात ठेवावे.

मोठ्या घटनांतून काय दिसते?

आपल्या शेजारच्या छत्तीसगडचेच बघा. तिथे २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा झाला आणि पाहता पाहता शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उभी राहिली. अनेकांकडे इमारत नव्हती, शिक्षक नव्हते. नामवंत शास्त्रज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी दाद मागितली. फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील विद्यापीठ स्थापनेची कलमेच रद्द केली आणि ती विद्यापीठे संपली. तिथे तर सरकारची अधिसूचनासुद्धा होती.

दिल्लीच्या एका गाजलेल्या व्यवस्थापन संस्थेच्या पानभर जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिला सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'एम.बी.ए.', 'बी.बी.ए.' हे शब्द वापरण्यास मनाई केली, कारण मान्यता नव्हती. तेव्हा जाहिरात जितकी मोठी तितकी संस्था खरी, असे समजू नये.

आणि कागद असला तरी डोळे मिटू नयेत. मध्य प्रदेशातील नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सी.बी.आय.ने तपासणी केली. २०२४ मध्ये पुढे आलेल्या अहवालात ३०८ पैकी १६९ योग्य, ७३ मध्ये त्रुटी आणि ६६ अयोग्य ठरली. मे २०२४ मध्ये तर चांगला अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणारेच काही अधिकारी पकडले गेले. म्हणून यादीत नाव पाहिल्यावरही एकदा प्रत्यक्ष जाऊन प्रयोगशाळा बघावी, दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे.

फी परत मागण्याची रीत

आता मुख्य विषय. आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत आम्ही ज्या क्रमाने गेलो, तोच क्रम देते.

१. कागद गोळा करा. पावत्या, माहितीपत्रक, वर्तमानपत्रातली जाहिरात, ओळखपत्र, प्रवेश अर्जाची प्रत, बँक किंवा यू.पी.आय.च्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप. जे निरोप पुसले जाऊ शकतात त्यांचे फोटो काढून छापून ठेवा. संस्थेत जाऊन भांडण्याच्या आधी हे करा, कारण भांडण झाले की कागद मिळत नाहीत. 'मान्यताप्राप्त' हा शब्द जिथे छापला असेल तो कागद सोन्यासारखा जपा.

२. मान्यता नसल्याचा लेखी पुरावा मिळवा. आपण म्हणून चालत नाही, परिषदेने म्हणावे लागते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. १० रुपयांचे शुल्क भरून साधा अर्ज करता येतो : 'अमुक पत्त्यावरील अमुक संस्थेला अमुक अभ्यासक्रमासाठी अमुक वर्षी मान्यता होती काय?' उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. आमच्या अर्जाला दोन ओळींचे उत्तर आले की ही संस्था सूचीमध्ये नाही. पुढची सर्व लढाई त्या दोन ओळींवर झाली.

३. लेखी मागणी करा. तोंडी नको. संस्थेच्या संचालकांच्या नावे पत्र लिहा. किती पैसे, कोणत्या तारखांना, कोणत्या सांगण्यावरून भरले, आणि ते सांगणे खोटे कसे निघाले, एवढे चार मुद्दे. १५ दिवसांत रक्कम परत करावी असे लिहा. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि ई-मेलही करा. शिव्याशाप, धमकी काही नको. हेच पत्र उद्या आयोगापुढे वाचले जाणार असते.

इथे संस्था हमखास सांगते, "पावतीवर छापलंय, फी परत मिळणार नाही." त्याने घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापार पद्धतीची व्याख्या आहे. सेवा सदोष असताना पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, रक्कम परत करायला नकार देणे हे त्या व्याख्येत बसते. खोटी मान्यता सांगणेही त्यात येते. छापलेली एक ओळ कायद्याहून मोठी नसते.

४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. हा फोन निःशुल्क आहे. ते संस्थेकडे तक्रार पाठवून समझोत्याचा प्रयत्न करतात. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण पुष्कळ ठिकाणी काम इथेच होते. आपल्या राज्यात सी.एम. हेल्पलाइन १८१ आहे, आणि कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते. तिथे दिलेल्या अर्जाची पावती घ्यावी.

५. जिल्हा उपभोक्ता आयोग. जुन्या लोकांना हा 'फोरम' म्हणून माहीत आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथे करता येते. ५ लाखांपर्यंत तक्रारीचे शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो. २०१९ च्या कायद्याची मोठी सोय अशी की संस्था दिल्लीची किंवा पुण्याची असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृति' या सरकारी पोर्टलवर घरूनही तक्रार दाखल होते. मागणीत फी, परीक्षा शुल्क, वसतिगृहाचा खर्च, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे सर्व वेगवेगळे लिहावे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचे उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवावी.

६. पोलिसांत तक्रार. बनावट अंकसूची (महाराष्ट्रात जिला गुणपत्रिका म्हणतात) किंवा बनावट पदवी दिली असेल, तर हा केवळ फीचा प्रश्न नाही, फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी ज्याला 'चारसौबीस' म्हणत, ते कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे. आणि मुलांनो, असे प्रमाणपत्र हाती आले तर ते नोकरीसाठी कुठेही दाखवू नका. फसलेला माणूस जाणूनबुजून ते दाखवतो, तेव्हा तोही दोषी ठरतो.

न्यायालये काय म्हणतात?

पालकांना खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून हे थोडे सविस्तर सांगते.

पाटण्याच्या एका दंत महाविद्यालयाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, विद्यापीठाची संलग्नता आणि दंत परिषदेची मान्यता आहे असे जाहिरातीत सांगून विद्यार्थी घेतले. दोन्ही गोष्टी नव्हत्या. विद्यार्थी राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला. फी व्याजासह परत आणि वर भरपाई. मान्यता नसताना प्रवेश देणे ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार आहे, असे तिथे ठरले.

पण नंतरचे काही निर्णय वेगळे आहेत. २०१० आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण संस्था ग्राहक कायद्याच्या अर्थाने 'सेवा' देत नाहीत, अशा आशयाचे म्हटले. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठानेही कोचिंग क्लास वगळता शिक्षण संस्था, व्यावसायिक अभ्यासक्रमांसह, या कायद्याबाहेर ठेवल्या. त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल झाले. संस्थांचे वकील नेमके हेच निर्णय पुढे करतात. म्हणून तक्रारीत 'शिकवणे चांगले नव्हते' यावर भर देऊ नये. 'मान्यता आहे असे खोटे सांगून पैसे घेतले, आणि हे परिषदेचे पत्र' यावर भर द्यावा. आणि १९१५, जनसुनवाई, पोलीस हे बाकीचे मार्ग सोबत चालू ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतीचे नियम केले. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, नंतर टप्प्याटप्प्याने ९०, ८०, ५० टक्के, आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटल्यावर काही नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यासही मनाई आहे. हे नियम विद्यापीठे आणि त्यांच्या कॉलेजांना लागू आहेत. गल्लीतल्या अमान्य संस्थेला ते बांधत नाहीत. मान्यताप्राप्त ठिकाणी प्रवेश घेण्याचा हाही एक फायदा, की भांडायला नियम असतो.

मन बदलले म्हणून सोडणे आणि फसवले गेल्यामुळे सोडणे, यांतही फरक आहे. संस्थेने सर्व खरे सांगितले होते आणि आपल्यालाच कंटाळा आला, तर पूर्ण फीचा हट्ट टिकत नाही.

कर्ज काढले असेल तर

आजकाल संस्था 'फी नको, महिन्याला हप्ता भरा' म्हणतात. मोबाइलवर चार ठिकाणी अंगठा लावला की काम झाले. तो हप्ता संस्थेचा नसतो, एका कर्ज कंपनीचा असतो. कंपनी संस्थेला पूर्ण रक्कम देऊन मोकळी होते आणि कर्ज पालकांच्या नावावर राहते. संस्था बंद पडली तरी हप्ता चालूच. रागाने हप्ता एकदम थांबवला तर नाव खराब होते, पुढे घरासाठी कर्ज मिळत नाही. आधी कर्ज कंपनीला फसवणुकीची लेखी सूचना द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जात सुरुवातीला थोडा काळ कर्ज परत करून दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोय ठेवणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. तो काळ करारात बघून घ्यावा, कधीकधी तो एकाच दिवसाचा असतो.

समझोता करताना

संस्था समझोत्याला आली तर आनंदच आहे, पण तीन गोष्टी सांभाळा. पैसे खात्यात आल्याशिवाय 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका. मूळ पावत्या परत देऊ नका, प्रती द्या. पुढच्या तारखेचा चेक घेतला आणि तो परतला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावीच लागते. ती मुदत चुकवू नये.

दोन मुले, दोन शेवट

आपल्या विद्यार्थिनीची तक्रार आयोगात गेल्यावर संस्थेने मध्यस्थीची तयारी दाखवली. पुढच्या संक्रांतीच्या सुमारास तिला ५२,००० रुपये डिमांड ड्राफ्टने मिळाले. १६,००० मिळाले नाहीत, कारण त्यांची पावती नव्हती. आणि तिचे एक वर्ष तर कोणत्याच ड्राफ्टने येणार नव्हते. तिने त्यानंतर सरकारी आय.टी.आय.त संगणकाचा कोपा ट्रेड घेतला.

त्याच मार्गदर्शनाला बसलेला आपलाच एक मुलगा होता. त्याने त्याच संस्थेत दुसरा कोर्स घेतला. फसवणूक कळली तेव्हा वडिलांनी रागाने सर्व कागद फाडले. "चार लोकांत नाव होईल, सोडून द्या," असे घरात ठरले. मुलीचे पैसे आल्याचे ऐकून ते शाळेत आले, तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. कायद्याने तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशिराचे सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण 'लाज वाटली' हे कारण कागदावर लिहायला कोणी तयार होत नाही, आणि कागद तर उरलेच नव्हते.

आपल्या मराठी घरांत ही सवय आहे. फसलो हे सांगण्यापेक्षा बुडाले ते बुडाले म्हणण्यात आपण मोठेपणा मानतो. पण आपल्या गप्प बसण्यावरच या संस्था चालतात. आपण बोललो असतो, तर पुढच्या वर्षी त्याच पाटीखाली दुसरे मूल उभे राहिले नसते. मुलांनो, फसवले जाणे ही तुमची लाज नाही. घरी सांगा. घरी जमत नसेल तर माझ्याकडे या.

शाळेने काय ठरवले आहे?

विश्वस्त मंडळाच्या संमतीने पुढील गोष्टी ठरल्या आहेत.

एक, कोणत्याही बाहेरच्या संस्थेला शाळेत भाषण देण्यास किंवा पत्रके वाटण्यास परवानगी हवी असल्यास, तिने चालू वर्षाच्या मान्यतेचा आदेश आठ दिवस आधी द्यावा. शाळा तो परिषदेच्या यादीशी ताडून पाहील. तोपर्यंत हॉल मिळणार नाही, शिफारस कोणाचीही असो. विश्वस्त मंडळींनाही माझी नम्र विनंती आहे की ओळखीच्या संस्थेसाठी यात सवलत मागू नये.

दोन, कुठे काय तपासावे याचा तक्ता वाचनालयाच्या फलकावर लावला आहे. तो दरवर्षी मे महिन्यात नवा केला जाईल.

तीन, प्रवेशाच्या दिवसांत दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी पालक आणि आपले एक माजी विद्यार्थी वकील वाचनालयात बसतील. पैसे भरण्याआधी माहितीपत्रक आणि कर्जाचा करार त्यांना दाखवावा. ही सेवा निःशुल्क आहे. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनीही यावे, नाव बाहेर जाणार नाही.

पालकांनी प्रवेशाच्या वेळी संस्थेला फक्त एक प्रश्न विचारावा : "मान्यतेच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहून द्याल का?" खरी संस्था लगेच लिहून देते. जी संस्था "आज शेवटची सीट आहे" असे उत्तर देते, तिथून चहा न पिता उठावे. आणि रोख पैसे दिले तर पावती हातात आल्याशिवाय खुर्ची सोडू नये. त्या मुलीच्या आईचे १६,००० रुपये म्हणजे कितीतरी दिवसांचे डबे होते, एवढे त्या वेळी आठवावे.

मुलांना निकालासाठी शुभेच्छा.

आपली,
प्राचार्या